वाफ, जोडी आणि नाणं

पोलंडच्या पश्चिम भागात, पॉझनान शहराच्या नैर्ऋत्येला वॉल्श्तिन नावाचं एक लहानसं गाव आहे. रेल्वेचं वेड असलेल्या माणसांना ते जगभर ठाऊक असतं. वाफेची इंजिनं युरोपातल्या रुळांवरून जवळजवळ हद्दपार झाली, तरी इथल्या इंजिनशेडनं ती जपली. नुसती रंगवून उभी करून नव्हे, तर साध्या प्रवासी गाड्यांना जोडून चालवत ती जपली. दरवर्षी वसंतात, मे महिन्याच्या सुरुवातीच्या सुमाराला, या इंजिनांचं संचलन भरतं. त्याचं पोलिश नाव आहे ‘पारादा पारोवोझूफ’, म्हणजे वाफेच्या इंजिनांची परेड.

नाव उच्चारून पाहावं. दोन्ही शब्द ‘पार’ या ध्वनींनी सुरू होतात आणि कानाला ते सख्खे भाऊ वाटतात. पण त्यांचं काहीही नातं नाही. दुसऱ्या शब्दातला ‘पारा’ म्हणजे वाफ. ‘पारोवूस’ म्हणजे वाफेची गाडी, आणि त्यातला ‘वूस’ हा तर आपल्या ‘वाहन’ या शब्दाचा दूरचा भाऊबंद, एकाच आदिम धातूतून आलेला. पहिला ‘पारादा’ मात्र फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ थेट लॅटिनमध्ये, ‘तयार करणे’ या अर्थाच्या ‘पारारे’ या क्रियापदात आहे.

पोलिश भाषेत ‘पारा’ या एका उच्चाराखाली कितीजण येऊन राहिले आहेत हे शोधायला निघालं, की अर्धा युरोप आणि थोडा इराणही फिरून होतो. वाफ म्हणजे ‘पारा’. जोडी म्हणजेही ‘पारा’. बाल्कन प्रदेशातलं एक जुनं किरकोळ नाणं, तेही ‘पारा’. शिवाय शब्दाच्या सुरुवातीला येणारे आणखी दोन ‘पारा’ आहेत. त्यांना स्वतंत्र शब्द म्हणता येत नाही, पण त्यांच्यामुळे गुंता वाढतो. आणि हो, मराठीतला तापमापकातला पारा यांच्यापैकी कुणाचाच नाही. तो संस्कृत ‘पारद’पासून झिजत आला आणि योगायोगानं याच उच्चारापाशी थांबला.

एका शब्दाला अनेक अर्थ असणं आणि अनेक शब्दांचा एकच उच्चार असणं, या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात. पहिल्या प्रकाराचं उत्तम पोलिश उदाहरण म्हणजे ‘झामेक’. त्याचा अर्थ किल्लेवजा वाडा, कुलूप आणि कपड्यांची चेनसुद्धा. पण हे सगळे अर्थ ‘बंद करणे’ या एकाच कल्पनेतून फुटले आहेत. जर्मनमध्येही वाड्याला आणि कुलपाला एकच शब्द आहे, आणि वाड्याचा अर्थ त्याच्याच धर्तीवर, चेकमार्गे, पोलिशमध्ये आला. तेव्हा ‘झामेक’ हे एक झाड आहे आणि त्याला फांद्या आहेत. ‘पारा’ची गोष्ट अशी नाही. इथं मुळंच वेगळी आहेत. म्हणून पोलिश शब्दकोशात ‘पारा’ ही नोंद एकदाच येत नाही; एक, दोन, तीन असे आकडे घालून वेगवेगळ्या नोंदी केलेल्या असतात.

यातला घरचा, अस्सल स्लाव शब्द म्हणजे वाफ. रशियनमध्ये तो ‘पार’ असा पुल्लिंगी आहे, चेकमध्ये ‘पारा’ (पहिला आ चांगला लांबवलेला), बल्गेरियन आणि सर्बियनमध्येही ‘पारा’. इतक्या भगिनीभाषांत तो जवळजवळ एकाच रूपात आणि एकाच अर्थानं सापडतो, याचा अर्थ स्लाव टोळ्या एकमेकींपासून दूर जाण्याआधीपासून तो त्यांच्या तोंडी होता. तेव्हा इंजिन कुठलं? वाफ होती ती चुलीवरच्या भांड्याची, हिवाळ्यातल्या जनावरांच्या अंगाची आणि माणसाच्या तोंडून निघणाऱ्या श्वासाची. हा श्वासाचा अर्थ पोलिश म्हणीत आजही टिकून आहे. एखाद्यानं गुपित पोटात ठेवलं, चकार शब्द काढला नाही, तर पोलिश माणूस म्हणतो की त्यानं ‘तोंडातून पारा सोडली नाही’. (पोलिशमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘सोडली’.) कडाक्याच्या थंडीत बोलायला तोंड उघडलं की वाफ दिसते, ओठ मिटलेले असले तर तीही दिसणार नाही. पोलंडचा जानेवारी ज्यानं अनुभवला आहे त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही.

मग इंजिनं आली. वॉर्सा–व्हिएन्ना रेल्वेचा पहिला तुकडा १८४५ साली सुरू झाला आणि चुलीवरच्या या जुन्या शब्दाला लोखंडाचं बळ मिळालं. काम जोरात चाललं असेल तर ते ‘पेउनॉन पारॉन’, म्हणजे पूर्ण वाफेनिशी, चाललेलं असतं. अंगात ताकद असलेल्या माणसाच्या हातात किंवा पायात ‘पारा’ असते. आणि नुसता गाजावाजा होऊन काम पुढं सरकत नसेल, तर ‘सगळी वाफ शिट्टीत चालली आहे’ असं म्हणतात. मला हा वाक्प्रचार फार अचूक वाटतो: बॉयलरमध्ये वाफ मर्यादितच असते, ती शिट्टीला दिली तर चाकाला उरत नाही.

स्वयंपाकघरातही या ‘पारा’चा मोठा संसार आहे. ‘पाझिच’ म्हणजे उकळत्या पाण्यानं भाजणे. चहा-कॉफी करण्यालाही हेच क्रियापद, आणि खाजकुइलीसारखी आग करणारी वनस्पती अंगाला लागली तरी हेच. (‘र’च्या जागी ‘झ’ कुठून आला, ते पुढं येईलच.) न्याहारीला गरम पाण्यातून काढून मोहरीच्या चटणीबरोबर खातात तो मऊ सॉसेज म्हणजे ‘पारुफका’. पॉझनान भागात पातेल्याच्या तोंडावर फडकं ताणून बांधतात आणि त्यावर आंबवलेल्या पिठाचे मोठे गोळे वाफवतात. मोदकपात्र घरात येण्याआधी आपल्याकडे पातेल्यावर फडकं बांधून मोदक उकडत, तीच युक्ती. या गोळ्यांना तिथली बोली ‘फडक्यावरचे गोळे’ म्हणते. इतरत्र त्यांची काही नावं वाफेवरून आहेत. हवा कोंदट आणि दमट झाली की ‘पारनो’ झालं म्हणतात. दलदलीवर तरंगणारं धुकं आणि पेट्रोलची वाफ, दोन्हींना ‘ओपारी’. गाडीतलं इंधन संपत आलं की ती ‘ओपारीवर’ चालते, आणि दमून गेलेला माणूससुद्धा तसाच चालतो.

आता जोडी. हा ‘पारा’ परका आहे. लॅटिनमध्ये ‘पार’ म्हणजे समान, बरोबरीचा. त्यावरून जर्मन लोकांनी ‘पार’ हा शब्द घेतला; दोन सारख्या वस्तू, दोघांची जोडी. इंग्रजीतले ‘पेअर’ आणि ‘कंपेअर’ हेही त्याच लॅटिन शब्दाचे वंशज. मध्ययुगात पोलंडच्या शहरांत जर्मन कारागीर आणि व्यापारी मोठ्या संख्येनं येऊन वसले. त्यांच्या पेठांमधून बाजाराचे आणि मोजमापाचे ढीगभर शब्द पोलिशमध्ये शिरले, आणि ‘जोडी’ हा त्यांच्यातलाच. बुटांची जोडी, मोज्यांची जोडी, बैलांची जोडी: बाजारात रोज लागणारा शब्द.

जर्मनमध्ये हा शब्द नपुंसकलिंगी आणि व्यंजनान्त. पोलिशनं त्याच्या शेवटी ‘आ’ लावला आणि तो स्त्रीलिंगी करून घेतला. इथंच तो वाफेच्या अंगावर जाऊन आदळला. त्या एका ‘आ’मुळे दोन अनोळखी शब्द एका उच्चाराचे झाले.

आल्यावर मात्र हा पाहुणा घरच्यापेक्षा घरचा झाला. लग्नातले वधूवर म्हणजे ‘म्वोदा पारा’, तरुण जोडी. राष्ट्राध्यक्ष आणि त्यांची पत्नी म्हणजे अध्यक्षीय ‘पारा’. एक मुलगा आणि एक मुलगी असलेल्या आईबापांना ‘पारका’ आहे असं कौतुकानं म्हणतात. सम संख्या म्हणजे ‘पाझिस्ती’, जोडीनं सुटणारी. विषम संख्या त्याच शब्दाला ‘न्ये’ लावून होते. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांचे क्रमांक सम आणि दुसऱ्या बाजूचे विषम असतात, त्यामुळे पत्ता विचारणाऱ्याच्या कानावर हा लॅटिन वंशज हमखास पडतो. दोन गोष्टी हातात हात घालून येतात, तेव्हा त्या ‘जोडीत चालतात’.

त्याचं सगळ्यात गमतीशीर रूप म्हणजे ‘पारे’. हे खरं तर ‘पारा’चं कर्मकारक रूप, पण त्याचा अर्थ ‘दोन’ एवढाच राहिला नाही. ‘काही, थोडेसे’ असा झाला. ‘पारे’ दिवस म्हणजे दोन, तीन, चार किंवा पाच दिवस. जर्मनमध्येही अगदी हेच घडलं आहे. मोठ्या अक्षरानं लिहिलेला ‘पार’ म्हणजे नेमकी जोडी, लहान अक्षरानं लिहिलेला म्हणजे थोडेसे. पोलिशनं शब्दाबरोबर ही सवयही उचलली. आपण ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून उठलेला वक्ता दोनच शब्दांवर कधी थांबला आहे? मोजणीचा एखादा लहान आकडा सैल होऊन अंदाजाचा होतो, हे अनेक भाषांत दिसतं.

आता एक मोह असा होतो की वाफ आणि जोडी यांचं नातं जुळवूनच टाकावं. प्राण्यांच्या समागमाला पोलिशमध्ये ‘पाझिच शें’ म्हणतात, आणि उकळत्या पाण्यानं भाजणं म्हणजे ‘पाझिच’. मग उष्णता, अंगाची धग, एकत्र येणं, अशी एक छान गोष्ट रचता येते. ती ऐकायला पटते, सांगायला रंगते, आणि पूर्णपणे खोटी आहे. अशा गोष्टींबद्दल मला मनापासून चिडचिड होते, कारण त्या इतक्या गोड असतात की खऱ्या इतिहासाला जागाच ठेवत नाहीत.

ती खोटी आहे हे कळतं शेजाऱ्यांना विचारून. रशियनमध्ये वाफ ‘पार’ आणि जोडी ‘पारा’. एक पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी. चेकमध्ये बरोबर उलट: वाफ ‘पारा’ आणि जोडी ‘पार’. स्लोव्हाकमध्येही जोडी ‘पार’च. मूळ शब्द एकच असता, तर एका भाषेत वाफेला जे रूप तेच दुसऱ्या भाषेत जोडीला, अशी अदलाबदल झाली नसती. प्रत्येक भाषेनं जर्मन शब्द आपापल्या सोयीनं आत घेतला आणि त्याला आपल्या मर्जीनं लिंग दिलं. वाफेचा शब्द मात्र प्रत्येकीकडे आधीपासूनच होता. दोघांची टक्कर पोलिशमध्ये इतकी नेमकी झाली हा अपघात आहे. चेकमध्ये स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद आजही अर्थ बदलतो. पोलिशमधला तो भेद मध्ययुगाच्या अखेरीस मोडीत निघाला. शब्दांना वेगळं ठेवणारं एक कुंपण असं कमी झालं, की अशा टकरी वाढतातच.

आणि एकदा शब्द जुना झाला की व्याकरणही भेद ठेवत नाही. पोलिशमध्ये काही विभक्तींत आणि साधित शब्दांत ‘र’ मृदू होऊन ‘झ’सारखा उच्चारला जातो. त्यामुळे ‘वाफेवर’ म्हणजे ‘ना पाझे’ आणि ‘जोडीत’ म्हणजे ‘फ पाझे’. घरचा आणि परका, दोघांनाही एकच नियम. पोलिश कानाला यात उसनेपणाची काही खूण उरलेली नाही. ती खूण शोधायला आलेक्सांदर ब्रुकनर यांच्यासारखा माणूस लागतो. बर्लिन विद्यापीठात स्लाव भाषा शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि १९२७ साली त्यांचा पोलिश व्युत्पत्तिकोश क्राकूफमधून निघाला. एकट्यानं केलेलं एवढं काम, आणि त्यातली वाक्यं अशी ठाम की आज वाचतानाही समोर बसून वाद घालतो आहोत असं वाटतं. २००५ साली वियेस्वाफ बोरिश यांचा त्याच नावाचा कोश आला. तो अधिक सावध आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की व्युत्पत्ती म्हणजे अंदाजपंचे गोष्टी नव्हेत, ती पुराव्यावर चालणारी विद्या आहे, हे चांगलं कळतं.

तिसरा ‘पारा’ नाणं. फारसीत ‘पारा’ म्हणजे तुकडा. कुराणाच्या तीस भागांना भारतात ‘पारे’ म्हणतात, तोच हा शब्द. उस्मानी तुर्कांनी तो चांदीच्या एका लहान नाण्याला दिला. चाळीस पारा म्हणजे एक कुरुश, असा हिशोब पुढं रूढ झाला. आजच्या तुर्कीत ‘पारा’ म्हणजे सरळ पैसा. उस्मानी सत्तेबरोबर हा शब्द बाल्कनमध्ये पसरला: बल्गेरियनमध्ये पैशाला ‘पारी’ म्हणतात आणि सर्बियाच्या दिनारचे शंभर भाग म्हणजे शंभर ‘पारा’. म्हणजे सर्बियनमध्येही वाफ आणि नाणं यांची टक्कर झालीच, फक्त तिथं स्वराघात त्यांना वेगळं करतो. पोलिश माणसाच्या रोजच्या बोलण्यात हे नाणं नाही. ते शब्दकोशात आणि बाल्कनच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटतं. तुर्की जगाशी पोलंडचा शेजार मात्र शेकडो वर्षांचा. पोलिशमध्ये वीरनायकाला ‘बोहातेर’ म्हणतात, आणि तो आपल्या ‘बहादूर’चाच भाऊ, स्टेपमधल्या घोडेस्वारांचा एक शब्द पश्चिमेला एका वाटेनं गेला आणि फारसीतून दुसऱ्या वाटेनं आपल्या दारी आला.

उरले शब्दाच्या तोंडाशी बसणारे दोन. त्यांतला एक संरक्षण करणारा. लॅटिन ‘पारारे’चा अर्थ इटालियनमध्ये ‘अडवणे, परतवणे’ असाही झाला. त्यावरून उन्हाला अडवणारी ती ‘पारासोल’ आणि छातीला आडोसा देणारी तटाची भिंत ती ‘पारापेत’. त्याच धर्तीवर वाऱ्याला अडवणारा तो ‘पारावान’. तिन्ही शब्द पोलिशमध्ये आले आणि तिन्हींनी नोकरी बदलली. पोलंडमध्ये ‘पारासोल’ पावसातही वापरतात, म्हणजे त्यातला सूर्य कधीच मावळला. ‘पारावान’ झाला खोलीतला किंवा समुद्रकिनाऱ्यावरचा पडदा. आणि तटबंदीवरच्या सैनिकाची छाती झाकणारी ‘पारापेत’ आता खिडकीची फळी आहे; तिच्यावर कुंड्या असतात आणि ऊन खात मांजर बसलेलं असतं.

याच वाटेनं ‘पॅराशूट’ही येऊ शकला असता, कारण त्यातला पहिला भाग हाच, पडण्यापासून वाचवणारा. पण तिथं पोलिशनं उसनवारी नाकारली आणि स्वतःचा शब्द घडवला: ‘स्पादोख्रोन’, पतनापासून राखणारा. तडितरक्षकालाही फ्रेंचांसारखं ‘पारा’ न लावता ‘प्योरुनोख्रोन’ केलं, विजेपासून राखणारा. म्हणजे भाषेला ‘पारा’चा हा अर्थ नीट कळला होता, आणि दोन ठिकाणी तिनं त्याच्या जागी आपला ‘ख्रोन’ बसवला. ही मला भाषेच्या स्वाभिमानाची फार सुंदर खूण वाटते.

दुसरा ग्रीक: ‘पारा’ म्हणजे बाजूला, पलीकडे. ‘पारादोक्स’ म्हणजे विरोधाभास, ‘पाराग्राफ’ म्हणजे कायद्याचं कलम, ‘पारालिश’ म्हणजे पक्षाघात. चर्चच्या हद्दीत येणाऱ्या वस्तीला ‘पाराफ्या’ म्हणतात, तीही याच कुळातली. हा ग्रीक उपसर्ग आपल्या पराभव-पराजयातल्या ‘परा’च्याच आदिम घराण्यातला आहे, तेव्हा इथं मराठी वाचकाचं खरं नातं निघतं. पोलिशमध्ये तो अजून जिवंत आहे आणि नवे शब्द घडवतो. बँकेसारखी दिसणारी पण बँकेच्या नियमांबाहेर ठेवी गोळा करणारी कंपनी म्हणजे ‘पाराबांक’. २०१२ साली ग्दान्स्कची अंबर गोल्ड ही कंपनी कोसळली, हजारो लोकांच्या ठेवी बुडाल्या, आणि हा शब्द घरोघरी पोचला.

या सगळ्यांची खरी गर्दी मात्र एका क्रियापदात होते: ‘पारोवाच’. वाफ होऊन उडणे म्हणजे ‘पारोवाच’. हिवाळ्यात खिडकीच्या काचा धुरकटतात तेव्हाही हेच. जोड्या लावणे म्हणजे ‘पारोवाच’; धुतलेले मोजे असोत की मोबाईल आणि हेडफोन. तलवारबाजीत वार परतवणे म्हणजेही ‘पारोवाच’, फ्रेंचमधून, छत्री आणि खिडकीच्या फळीच्या कुळातून आलेलं. स्लाव, लॅटिन-जर्मन आणि लॅटिन-फ्रेंच असे तीन वंश, आणि वर्तमानकाळाचं रूप तिघांचं एकच: ‘पारुये’. कोण काय करतो आहे हे फक्त कर्ता आणि कर्म सांगतात. पाणी ‘पारुये’ म्हटलं की एक, खेळाडू वार ‘पारुये’ म्हटलं की दुसरं.

उपसर्ग लावून त्यांना वेगळं करावं, तर तेही पुरतं जमत नाही. ‘स्पारोवाच’ म्हणजे वार परतवणे आणि दोन यंत्रं एकमेकांना जोडणे, दोन्ही. ‘ओतपारोवाच’ म्हणजे पाणी आटवणे, आणि वादात समोरच्याचा मुद्दा फटकन परतवणे हेही. ‘विपारोवाच’ मात्र अजून एकट्या वाफेच्याच मालकीचं आहे: भांड्यातलं पाणी उडून गेलं तर ते, आणि समारंभातून कुणी न सांगता नाहीसं झालं तरी तेच.